सोळा पिल्लं आणि शंभर डोसची बाटली

काळ्या कडकनाथ कोंबड्या पाळायच्यात म्हणून कोणी विचारायला आलं की मी आधी एवढंच विचारते, लासोटा, म्हणजे मानमोडी रोगाची पिल्लांना द्यायची पहिली लस, कुठून आणणार? खुराडं, मशीन, खाद्य हे सगळं पैसे टाकले की होतं. मानमोडीची लस मात्र घरी पंधरा-वीस पिल्लं असणाऱ्याला सहज मिळत नाही, आणि ती वेळेत मिळाली नाही तर आधीची सगळी मेहनत एका आठवड्यात मातीत जाते. मानमोडी शिरली की हिरवट-पांढरी हगवण लागते, मान पिळवटते, आणि लस न दिलेल्या कळपातलं क्वचितच काही उरतं. तिच्यावर औषध नाही.

सोलापुरात घरामागच्या जागेत मी चोवीस अंडी उबवणीच्या मशीनला लावली होती. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडून आलेल्या जातिवंत पक्ष्यांची. प्रवासातून आलेली अंडी लगेच मशीनमध्ये ठेवू नयेत. निमुळतं टोक खाली करून चोवीस तास स्वस्थ ठेवली की आतली हवेची पिशवी जागेवर बसते. एकविसाव्या दिवशी सोळा पिल्लं निघाली. इथवर काही अडलं नाही.

लासोटाचा पहिला थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात पडायला हवा. सहाव्या दिवशी सकाळी मी थर्मासमध्ये बर्फ घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. "लासोटा संपलीय, पुढच्या आठवड्यात बघा." दोन दिवसांनी परत गेले. तेव्हा लस होती, पण कंपाउंडरने विचारलं, "पक्षी किती?" सोळा म्हटल्यावर उत्तर आलं, "सोळासाठी बाटली फोडता येत नाही ओ. शंभर जमवून आणा." तिसऱ्या खेपेला त्या दिवसाची बाटली कुणासाठी तरी फुटून संपली होती, आणि मला 'आर टू बी' देऊ केली. मानमोडीचीच आहे, घेऊन जा म्हणाले.

इथे फार सांभाळायला हवं. 'आर टू बी' ही तीव्र लस आहे. ती आठव्या आठवड्याच्या पुढे, आधी लासोटा झालेल्या पक्ष्याला, पंखाखाली अर्धा मिली टोचायची असते. दहा दिवसांच्या पिल्लाला ती दिली तर लसच पिल्लाला लुळं करते, मारतेही. दोन्ही मानमोडीच्याच म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. समोरचा कितीही आग्रह करो, नाही म्हणून बाहेर पडा. मी तेच केलं.

खासगी पशुऔषधांच्या दुकानात गेले तर फ्रीजमध्ये हजार डोसची बाटली. दुकानदाराचा दोष नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे हजारांनी पक्षी असणारे लेअर आणि ब्रॉयलरवाले. लस बाटलीत सुकवलेल्या वडीच्या रूपात असते आणि आतला विषाणू जिवंत असतो. एकदा डायल्युएंट, म्हणजे ती विरघळवायचं द्रावण, मिसळलं की तास-दोन तासांत वापरावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. म्हणून सोळासाठी हजाराची बाटली फोडायला कुणाचाच हात धजत नाही. हे मलाही पटतं. पण गावरान आणि देशी जाती टिकवा म्हणून सगळीकडे सांगतात, त्या जाती घराघरांत दहा-वीसच्या संख्येनेच टिकणार ना? पुण्यातल्या औंधच्या पशु जैव पदार्थ निर्मिती संस्थेत, म्हणजे आपल्याच राज्यात, कोंबड्यांच्या लसी तयार होतात. त्या परसातल्या कोंबडीपर्यंत वेळेत येण्याची सोय कायमची व्हायला हवी. तीन खेपा घालून बर्फ वितळवत उन्हात उभं राहणं ही कुणाचीच शिस्त नाही.

शेवटी मार्ग निघाला तो माणसं जोडून. होटगी रोड, बाळे, कुंभारी इथे घरी पक्षी असणारे चौघे सापडले. कुणाकडे गावरान, एकाकडे असील. सगळ्यांची मिळून नव्वदच्या आसपास पिल्लं झाली. वयं वेगवेगळी होती, पण पाच दिवसांच्या पुढच्या कुठल्याही निरोगी पिल्लाला लासोटा चालते, त्यामुळे अडचण आली नाही. पिल्लं मात्र एका ठिकाणी गोळा केली नाहीत. एकाच्या घरचा रोग पाचही घरांत न्यायचा हाच तर सोपा मार्ग. बाटली एका ठिकाणी मिसळली आणि प्रत्येकाने आपला वाटा स्वच्छ सिरिंजमध्ये भरून बर्फाच्या डब्यातून घरी नेला. ड्रॉपर ज्याचा त्याचा वेगळा, पाण्यात उकळून गार केलेला. तो डेटॉलने किंवा कुठल्याही जंतुनाशकाने धुवू नका, लसच मरते.

बाटलीत सुई टोचली की डायल्युएंट आपोआप आत ओढलं जायला हवं. ओढलं गेलं नाही तर आतली निर्वात पोकळी गेलेली असते, ती बाटली वापरू नका. झटके देऊन हलवू नका, तळव्यात हळू फिरवा. पिल्लू आडवं धरायचं, डोळ्यावर एकच थेंब सोडायचा. थेंब क्षणभर मण्यासारखा डोळ्यावर थांबतो, मग पिल्लू पापणी मिटतं आणि तो आत जातो. तो आत जाईपर्यंत पिल्लू सोडू नका. खाली सोडलं की ते डोकं झटकतं आणि डोस जमिनीवर. हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. मार्चपासून इथलं ऊन असं की खिशातून आणलेली लस घरी पोचेपर्यंत नुसतं पाणी झालेली असते.

माझ्या पिल्लांना लस मिळाली ती बाराव्या दिवशी. मधल्या दिवसांत खोलीत जायची चप्पल वेगळी ठेवली, बाजारातून एकही कोंबडी घरात येऊ दिली नाही, घरासमोरून पक्षी विकत जाणाऱ्यालाही दारात थांबू दिलं नाही. सोळाच्या सोळा वाचली. त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटाचा दुसरा डोस. तो पाण्यातून देता येतो, पण नळाच्या पाण्यातून नको, त्यातलं क्लोरीन लस मारतं. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी घ्या, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून. गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस दोन आठवड्यांच्या सुमारास, कोंबड्यांच्या देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात. त्यांचीही बाटली मोठीच, म्हणून ते चौघे अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

अंड्यांबद्दल सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात खोलीचं तापमान तिशीच्या वर गेलं की साठवलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. मशीनमध्ये सातव्या दिवशी उजेडावर धरल्यावर रक्ताचं कडं दिसतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. फ्रीज फार थंड पडतो. पसरट मातीचा माठ ओल्या वाळूत अर्धा पुरा, आत कोरडं कापड घाला आणि तोंडावर ओलं गोणपाट टाका. आपल्या कोरड्या हवेत हा माठ चांगला गार राहतो. सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.८ अंश. आर्द्रता अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, पुढे ६५ ते ७०. इथे मार्च-एप्रिलमध्ये आर्द्रता टिकवणं हेच अवघड. भांडं खोल करून उपयोग नाही, पसरट हवं, वाफ पृष्ठभागावरून होते. आर्द्रतामापक खरा सांगतो का हे ओल्या मिठाने तपासा. बंद पिशवीत ओलसर मिठाशेजारी काही तास ठेवल्यावर तो ७५ च्या जवळ यायला हवा. त्याहून भरवशाचा तो वजनकाटा. ४६ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साधारण ४० ते ४१ ग्रॅम भरलं पाहिजे. जास्त हलकं झालं तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते टोचा मारून तसंच मरतं. अठराव्या दिवसानंतर झाकण उघडू नका, कितीही चिवचिव ऐकू आली तरी.

कडकनाथ मादी खुडूक फार कमी बसते. मशीन नको असेल तर घरची खुडूक गावरान कोंबडी शोधा, दहा-बारा अंडी तिच्याखाली सहज मावतात.

जातीची शुद्धता. अंडं काळं म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं. पक्षी बघताना तुरा, तोंडाची आतली बाजू, जीभ, पाय, पंजाचा तळवा सगळं काळं आहे का बघा, आणि माद्यांवर भरवसा ठेवू नका, नर बघा. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीवर कडकनाथ नर सोडला की निघालेल्या माद्या चांगल्या काळ्या दिसतात, नर मात्र फिकट पडतात, कारण कातडीतला काळेपणा दाबणारं जनुक लिंगाशी जोडलेलं असतं. नुसत्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, विकणाऱ्याकडे त्यांचे भाऊ दाखवा म्हणा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावावर काहीही खपतं.

घरच्या कळपात एका नराला पाच-सहा माद्या पुरतात. नर दोन वर्षांनी बदला. जुना काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, त्याचं बीज मादीच्या पोटात तोवर टिकतं आणि पिल्लं कोणाची ते कळत नाही.

आता मी अंडी लावायची तारीख उलटी मोजते. आधी पाचही घरांची मिळून नव्वद-शंभर पिल्लं होतील असं ठरवायचं, दवाखान्यात शंभर डोसच्या बाटलीचा दिवस पक्का करायचा, आणि त्या दिवसापासून सत्तावीस दिवस मागे जाऊन अंडी मशीनमध्ये ठेवायची. म्हणजे लस हातात येते तेव्हा पिल्लं सहा दिवसांची असतात. शक्यतो ऑक्टोबर ते जानेवारी धरा. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुमारास रात्री गारवा असतो, तेव्हा पिल्लांना बल्ब पहाटेपर्यंत चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. लाईट गेली तर मशीनवर सोलापुरी चादर दुहेरी टाका, पण हवेची भोकं उघडी ठेवून.