वर डावीकडचा पक्षी

तीन दिवसांच्या त्या प्रवासातले पहिले दोन दिवस मी एका वाक्यात संपवतो: रस्ता लांब होता, मुक्कामाच्या खोलीतला दिवा वाचण्यापुरताही उजेड देत नव्हता आणि पहाटेच्या धुक्यात आम्हांला एकही पक्षी धड दिसला नाही. लिहावेसे वाटते ते तिसऱ्या दिवसाच्या दुपारविषयी आणि त्या रात्री मी करून घेतलेल्या स्वतःच्या फजितीविषयी.

तलावात आमची होडी निघाली तेव्हा तिच्यात पाच छायाचित्रकार होते. प्रत्येकाची तिपाई दुसऱ्याच्या बरगडीत रुतत होती. पाच जणांनी एका होडीत बसून पक्ष्यांचे फोटो काढू नयेत, असे माझे ठाम मत तिथे झाले. सकाळभर मी लांब पल्ल्याच्या लेन्सने, छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) एफ/5.6 वर, म्हणजे मोठे, ठेवून, एकेकट्या बदकाचे फोटो घेतले. दुपारी वारा सुटला आणि समोर बदकांचा मोठा थवा पाण्यावर पसरलेला दिसला, तेव्हा संपूर्ण तलाव चौकटीत घ्यावा म्हणून मी तिथेच, भर वाऱ्यात, लेन्स बदलली. नावाड्याने काही न सांगता आपल्या अंगावरचे कांबळे माझ्याभोवती आडोशासारखे धरले. त्याच्या त्या आपुलकीने मी इतका भारावलो की कांबळ्यातून किती धूळ झडत असेल हा विचार मनाला शिवलाही नाही. छिद्र एफ/16 वर, म्हणजे बारीक, आणून मी फोटो घेऊ लागलो. थोड्याच वेळात सारा थवा एकदम उडाला. नावाडी म्हणाला, “वर बघा.” आम्ही पाचही जण बदकांकडे बघत राहिलो.

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले, तर उडणाऱ्या थव्याच्या वर, डाव्या कोपऱ्याजवळ, आभाळात एक काळसर ठिपका. सकाळच्या फोटोंत तो नव्हता आणि दुपारनंतरच्या प्रत्येक फोटोत होता. मी निष्कर्ष काढला की दुपारी एखादा शिकारी पक्षी येऊन तलावावर घिरट्या घालू लागला आणि म्हणूनच बदके उडाली. हा तर्क मला इतका आवडला की मी सोबत्यांना बोलावून तो ऐकवला आणि ठिपक्याला ‘ससाणा’ म्हणूनही मोकळा झालो. एकाने शांतपणे विचारले, “याचे उभे फोटो आहेत का?” होते. कॅमेरा उभा धरून घेतलेल्या फोटोंत माझा ससाणा डाव्या बाजूलाच, पण खाली, निश्चल पाण्याच्या आत घिरट्या घालत होता.

खोलीत जे हसे झाले ते सोसल्यावर मी नीट विचार केला. डाग फोटोच्या चौकटीत जागा सोडत नसेल आणि कॅमेरा फिरवल्यावर त्याच्याबरोबर फिरत असेल, तर तो बाहेरच्या जगातला नसतो. तो लेन्समधला की सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचा, हे लेन्स बदलून कळते. बदलूनही डाग राहिला तर दोष सेन्सरकडे. सकाळी तो दिसला नाही याचे एक कारण म्हणजे धुळीचा कण बहुधा दुपारी लेन्स बदलतानाच आत शिरला, परंतु तो आधीपासून असता तरी सकाळी दिसला नसता. धूळ खुद्द सेन्सरवर न बसता त्याच्यापुढच्या काचेवर, किंचित अंतरावर बसते. छिद्र मोठे असताना प्रकाश अनेक कोनांतून येऊन तिची सावली पुसून टाकतो आणि छिद्र बारीक झाले की तीच सावली गडद, रेखीव होते. म्हणून खात्री करायची तर एफ/22 वर, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो घ्यावा. मी तो दुसऱ्या दिवशी पहाटे घेतला, तर एकाऐवजी पाच ठिपके निघाले.

साफसफाईविषयी उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कारण त्या क्षणी मी तोंडाने फुंकर मारली आणि आत थुंकीचा एक बारीक शिंतोडा पाडून सहावा डाग तयार केला. शिवाय फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. हे ठाऊक असूनही मी रबरी फुग्याने बराच वेळ वरचाच भाग झटकत बसलो.

आदल्या संध्याकाळच्या फोटोंतल्या इतर खुणा मात्र चटकन उलगडल्या. मावळत्या सूर्यासमोर एका रेषेत उमटलेले हिरवट बहुकोनी ठिपके सूर्य चौकटीत सरकला की सरकत होते. ते लेन्सच्या आतल्या काचांवरचे परावर्तन. अंधारात तीस सेकंदांच्या फोटोंत ठरावीक जागी चमकणारे लाल-निळे बिंदू हे तापलेले पिक्सेल. फ्लॅशच्या फोटोंतल्या पांढऱ्या चकत्यांना एका सोबत्याने भुते म्हटले. लेन्सच्या अगदी पुढ्यातले धुळीचे कण आणि किडे उजळले की असेच दिसतात.

घरी परतल्यावर मी सूड घेतल्यासारखा सगळ्या आभाळांतला प्रत्येक काळा ठिपका पुसून काढला. थवा उडतानाच्या तीन फोटोंत मधोमध एक अगदी लहान खूण होती, तीही पुसली. आठवड्याने मूळ फायली पुन्हा उघडल्या तेव्हा जाणवले की ही खूण चौकटीत एका जागी नव्हती आणि ढगांच्या तुलनेतही स्थिर नव्हती. प्रत्येक फोटोत ती थव्याच्या अधिक जवळ येत होती. धुळीच्या डागासारख्या तिच्या कडा मऊ आणि गोल नव्हत्या. पहिल्या फोटोत ती आडवी होती, तिसऱ्यात मिटून टोकदार झालेली. सात-आठ पिक्सेलांवरून तो ससाणा होता की भोवत्या हा दुसरा शिकारी पक्षी, हे ठरवता येत नाही. नावाडी “वर बघा” म्हणाला होता, तो याच्याचकडे. सोबत्यांना मी हे अजून कळवलेले नाही.