स्टेप कुणाची?

गुडघा कुरकुरायला लागला की नर्तकाला आधी डॉक्टर आठवत नाही, पैसे आठवतात. पॅरिस ऑपेराच्या नर्तकांना 42व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळतं. ते जाणार असं दिसताच 2019च्या डिसेंबरात त्यांनी संप केला आणि कडाक्याच्या थंडीत थेट नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर नाचले. आपल्यातल्या बहुतेकांकडे संप करून वाचवावं असं काही नाहीच. तालमीचे पैसे मिळाले तरी पुष्कळ.

मग स्टेज सुटल्यावर कमावू शकेल असं उरतं काय? तर आपण बसवलेलं नाचाचं काम. आणि नेमकं तेच आमच्या धंद्यात कुणी नीट नावावर करून ठेवत नाही.

भांडण जुनंच आहे. 1892 मध्ये अमेरिकन नर्तकी लोई फुलर आपल्या नाचाची नक्कल थांबवायला न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. हक्क नाट्याला, यात तर गोष्टच नाही, मग हे नाट्य कसलं, म्हणून ती हरली. 1952 मध्ये नृत्यदिग्दर्शिका हान्या होल्मने ब्रॉडवेवरचं आपलं काम लाबानोटेशनमध्ये, म्हणजे हालचाली चिन्हांनी लिहायच्या लिपीत, उतरवून घेतलं आणि त्याची नोंदणी झाली. नाच कागदावर आला तेव्हा कुठे तो मालमत्ता ठरला!

आता कागदाची जागा फोनने घेतली आहे. 2019 मध्ये जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या मुलीचा ‘रेनेगेड’ हा नाच टिकटॉकवर जगभर नाचला गेला. नाव मात्र भलत्यांचं झालं. तिचं नाव पुढे आलं ते 2020 मध्ये, बातमी छापून आल्यावर. अमेरिकेत काइल हानागामी या नृत्यदिग्दर्शकाने आपल्या स्टेप्स व्हिडिओ गेममध्ये वापरल्या म्हणून दावा लावला. खालच्या कोर्टाने तो काढून टाकला. 2023 मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा उभा केला: नुसत्या पोझेस सुट्या काढून मोजू नका, लय, वेग, एका हालचालीतून दुसरीत जाणं, सगळं मिळून बघा. पुढे तडजोड झाली, पण हे वाक्य आपल्या कामाचं आहे. एकटी गिरकी कुणाचीच नसते, नसावीही. माझं जे काही असतं ते दोन गिरक्यांच्या मधे.

म्हणून मी हल्ली प्रत्येक रन-थ्रू, म्हणजे न थांबता केलेली अख्खी तालीम, समोरून आणि कोपऱ्यातून शूट करते, तारखेसकट. करारात श्रेय आणि पुनर्वापराचं मानधन लिहून घेते. यावर एका निर्मात्याने मला ऐकवलं, “स्टेप्स काय, सगळेच करतात.” मग तुम्हीच करा की!

व्हिडिओची एक गंमत सांगते. एका मुलीचा हात सातच्या काउंटला, म्हणजे सातव्या ठोक्याला, यायचा तो आठला आला. पुढच्या बॅचने व्हिडिओ बघून तो इमानदारीत आठलाच शिकला. त्यामुळे व्हिडिओच्या जोडीला वही लागतेच. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमने हे आधीच ओळखलं होतं. 2009 मध्ये तो गेला आणि ठरल्याप्रमाणे 2011च्या अखेरीस त्याची नृत्यकंपनी बंद झाली. पण त्याची कामं व्हिडिओ, टिपणं, प्रकाशयोजना, वेशभूषेसकट जपली गेली आणि इतरांना परवान्यावर मिळतात. इतका सरंजाम आपल्याला झेपणार नाही. पण फोन आणि वही तर आहे.

एक गाठ मात्र मला सुटलेली नाही. तालमीत मी म्हणते, “इथे चार काउंट काहीतरी करून दाखव.” ती मुलगी करते, मी ठेवते, आणि खाली नाव माझं लागतं. हल्ली वहीत त्या चार काउंटसमोर तिचं नाव लिहिते. त्याचे पैसे किती आणि कुणी द्यायचे, यावर आमची अजून वादावादी चालू आहे.