गाजराचे जेल रवाळ का झाले

मी घरच्या स्वयंपाकघरातून मेजवान्यांचे पदार्थ करून देते. अगर-अगर (समुद्री शेवाळापासून काढलेली, पदार्थ जमवणारी पूड) वापरून केलेली भाज्यांची जेल हा माझा हातखंडा. पण ४० माणसांच्या जेवणाच्या दिवशी नेमके तेच फसले.

दुपारी मदतनीसाने जमलेले गाजराचे जेल मिक्सरमधून फिरवले, बारीक गाळणीतून दाबून काढले आणि चमचाभर माझ्यापुढे धरले. रंग सुरेख होता, पण जिभेवर टेकवताच ओल्या वाळूसारखे कण लागले. असे जेल आधी वडीसारखे घट्ट जमवायचे आणि मगच मिक्सरमध्ये मोडायचे असते. तेव्हा ते कस्टर्डसारखे मऊ होते आणि ताटात ठिपका टाकला तरी पसरत नाही. मी आधी मिक्सरच्या पात्याला दोष दिला, मग गाजर कच्चे राहिले असे ठरवले आणि शेवटी मदतनीसावर आवाज चढवला. "ताई, कागदावर आहे तसंच केलंय," एवढेच तो म्हणाला. कागद माझ्याच अक्षरातला होता.

१० ग्रॅम अगर-अगर ३०० मिलिलिटर गार पाण्यात कालवून, ढवळत दोन मिनिटे खळखळ उकळायचे आणि ७०० ग्रॅम प्युरीत मिसळायचे, असे त्यावर लिहिले होते. (अगर-अगर चमच्याने मोजायला सांगणाऱ्या पाककृतींवर माझा राग आहे, एका ग्रॅमने जेलचा पोत बदलतो.) प्युरी गरम हवी, हे मात्र मी कुठेच लिहिले नव्हते, कारण इतकी वर्षे मी गाजर शिजवून लगेच वाटत आले आणि ती आपोआपच गरम असे. या वेळी सोयीसाठी ती आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली होती. अगर-अगर ३२ ते ४० अंशांदरम्यान जमते. ५ अंशांच्या प्युरीत ९५ अंशांचे पाणी ओतले, तर सगळे मिळून तापमान जेमतेम ३२ अंश भरते; शिवाय पहिली धार गार प्युरीला टेकते तिथेच तिचे तंतू जमतात. ते तंतू मिक्सरने तुटतात, पण मिसळून जात नाहीत.

जमलेले अगर-अगर ८५ अंशांच्या वर पुन्हा वितळते, म्हणून मी सगळे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घातले, तळाला लागू नये म्हणून सतत ढवळत उकळले आणि परत जमवले. कण गेले. पण कागदाप्रमाणे लिंबाचा रस त्यात आधीच पडलेला होता आणि आंबट मिश्रण उकळले की अगर-अगरची ताकद कमी होते. संध्याकाळी ठिपके किंचित पसरले आणि त्यांच्या कडेने पाणी सुटले. पाहुण्यांना ते कळले नाही, मला मात्र प्रत्येक ताटात दिसत होते.

आता कागदावर "प्युरी ६० अंशांच्या वर, लिंबू शेवटी" अशी ओळ आहे. ती मदतनीसाच्या अक्षरात आहे, कारण लिहायला मी त्यालाच सांगितले. माफी मात्र अजून मागितलेली नाही.