जयदेव-केंदुली: संक्रांतीची आदली रात्र टाळा, ‘भांगा मेला’ गाठा

संक्रांतीच्या आदल्या रात्री केंदुलीच्या जत्रेत वडाखाली बसून पहाटेपर्यंत बाऊलांचे, म्हणजे बंगालच्या भटक्या गायक-साधूंचे, गाणे ऐकायचे, एवढ्या एकाच आशेने आम्ही दोघे पुण्याहून बीरभूमकडे निघालो होतो. ज्या परिचिताने हे चित्र आमच्यासमोर रंगवले, तो स्वतः वीस वर्षांपूर्वी तेथे गेला होता, हे मात्र त्याने आम्ही परत आल्यावर सांगितले. ज्यांना यंदा जायचे आहे त्यांची तरी अशी फसगत होऊ नये, म्हणून हा वृत्तांत.

केंदुली हे पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात अजय नदीच्या उत्तर काठावर वसलेले गाव. बाराव्या शतकात, बंगालचा राजा लक्ष्मणसेन ह्याच्या काळात, ‘गीतगोविंद’ रचणाऱ्या जयदेवाचे हे जन्मगाव, अशी बंगालची श्रद्धा आहे. ओडिशातील लोक हा मान आपल्याकडच्या केंदुलीला देतात, त्यामुळे त्या वादात पाहुण्याने पडू नये. गावाचे नाव विचारताना ‘केंदुली’ म्हणण्यापेक्षा ‘जोयदेब’ म्हणावे, कारण बसचा कंडक्टर आणि चहावाला दोघेही त्याच नावाने ओळखतात.

पुण्याहून हावडा आणि हावड्याहून सुमारे अडीच-तीन तासांत बोलपूर, हा प्रवास सोपा आहे. शांतिनिकेतनातले दोन दिवसही सुखात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. खरी परीक्षा बोलपूरच्या पुढे सुरू होते. चौपहाडीच्या सालवनातून इलामबाजारपर्यंतचा रस्ता उत्तम आहे, तेथून दुबराजपूरच्या दिशेने जाऊन ‘जयदेव मोड’ नावाच्या तिठ्यावर डावीकडे वळायचे असते, आणि जत्रेच्या दिवसांत ह्याच वळणाच्या पुढे सगळी व्यवस्था कोलमडते. इलामबाजारला एका टोटोवाल्याने (टोटो म्हणजे बॅटरीवर चालणारी रिक्षा) “थेट मंदिरापर्यंत” असे सांगून आमच्याकडून नऊशे रुपये घेतले आणि पोलिसांच्या अडसराजवळ आम्हाला उतरवून दिले. पुढचे साडेचार किलोमीटर आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन, गुडघ्यापर्यंत उडणाऱ्या लाल धुळीत, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या मोटारसायकली चुकवत चाललो. परतताना ह्याच अंतरासाठी आणि त्याहूनही पुढे बोलपूरपर्यंत आम्ही बसने दोघांचे मिळून शंभर रुपयेसुद्धा दिले नाहीत. महीपतींच्या ‘भक्तविजया’त चोर जयदेवाचे हातपाय तोडतात आणि पुढे तेच चोर साधूंच्या वेषात आले असता जयदेव त्यांना ओळखूनही मान देतो. माझ्या अंगी तेवढी संतवृत्ती नाही, म्हणून हे भाडे आकड्यासकट लिहीत आहे. बोलपूरहून पहाटेची बस धरावी, टोटो ठरवलाच तर “अडसरापर्यंत किती” एवढेच विचारावे, आणि चालण्याची तयारी गृहीत धरूनच सामान बांधावे. चाके लावलेली बॅग त्या धुळीत निरुपयोगी ठरते.

मुक्कामाच्या बाबतीतही हेच झाले. फोनवर ठरवलेला तंबू आमच्या पोहोचण्याआधीच दुसऱ्या कुणाला दिलेला होता, आणि त्याऐवजी दाखवलेल्या पत्र्याच्या खोलीला एका रात्रीचे साडेचार हजार मागितले गेले. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. शेवटी जत्रेपासून दीड-दोन किलोमीटरवरच्या एका वस्तीत, ज्या घरी आम्ही फक्त पाणी मागायला थांबलो होतो, त्या घरच्या काकीमांनी ओसरीवर जागा दिली.

आता त्या रात्रीबद्दल. शेकडो आखाडे नदीकाठी मंडप टाकून उभे असतात, आणि प्रत्येक आखाड्याचे स्वतःचे भोंगे असतात. एका मंडपात बाऊल एकतारा आणि डुबकी (हातात धरायचे लहान चर्मवाद्य) घेऊन उभा राहतो न राहतो तोच शेजारच्या मंडपातले कीर्तन त्याच्यावर कोसळते, त्याच्यावर पाळणेवाल्याची फिल्मी गाणी, आणि ह्या सगळ्यांवर हरवलेल्या मुलांच्या नावांची घोषणा. बांगलादेशातल्या बाऊल गाण्याला 2005 साली युनेस्कोने मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवले, परंतु त्या गौरवाने त्या रात्री आमच्या कानांचे काही भले केले नाही. पहाटे तीनपर्यंत आम्ही सात आखाडे फिरलो आणि एकही गाणे आरंभापासून शेवटपर्यंत ऐकू शकलो नाही. थंडीही अनपेक्षित होती. जानेवारीत येथे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि नदीवरून धुके सरकत येते, तेव्हा पुण्याची थंडी सोसणाऱ्यांनीही कानटोपी न्यावी. त्या रात्रीची एकच गोष्ट निर्विवाद चांगली होती: कोणत्याही आखाड्यात पंगतीला बसलेल्या माणसाला न विचारता मिळणारी गरम खिचडी.

पहाटेचे स्नान मात्र चुकवू नये. जयदेव रोज कटव्याला गंगास्नानाला जात असे, आणि त्याच्यासाठी मकरसंक्रांतीला गंगाच अजयच्या पात्रातून उलटी वर आली, अशी येथली कथा आहे. अजय पुढे कटव्यालाच भागीरथीला मिळते, त्यामुळे कथेला भूगोलाचाही थोडा आधार आहे. ह्या दिवसांत पात्रात पाणी जेमतेम गुडघाभर आणि वाळू मैदानाएवढी असते, म्हणून बुडण्याची भीती नाही, पण पादत्राणे हातात ठेवावीत, काठावर ठेवलेली परत मिळतीलच असे नाही. राधाविनोदाच्या नऊ शिखरांच्या मंदिरावरची भाजक्या मातीची रामायणातली शिल्पे त्या दिवशी रांगेतून नीट दिसत नाहीत. ती नंतर पाहावीत.

नंतर पाहावीत असे म्हणतो, कारण आमचे पुढचे सगळे चांगले दिवस ‘नंतर’चे होते, आणि त्याचे श्रेय काकीमांच्या बाउनीला आहे. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी ह्या भागात नव्या भाताच्या पेंढ्याची वेणी वळून ती पेटीला, धान्याच्या कोठाराला, दाराच्या कडीला बांधतात, त्याला बाउनी म्हणतात. ती बांधली की तीन दिवस कुणी घर सोडून परगावी जायचे नाही, घरीच बसून पीठे खायची, असा दंडक आहे. आमच्या पिशव्यांनाही काकीमांनी एक-एक काडी बांधली आणि आमचे दुसऱ्या दिवशीचे निघणे रद्द झाले. पीठे म्हणजे पिठीचे गोड पदार्थ: नारळाचे सारण भरलेली पाटीसापटा, दुधात शिजवलेली पुली, आणि सगळ्यावर नोलेन गूळ, म्हणजे शिंदीच्या रसाचा नवा गूळ. आपल्या तिळगुळाची आठवण येते, पण तुलना करू नये, पुली जिंकते.

घरातल्या ठाकुमांनी, म्हणजे आजींनी, गाव विचारले. महाराष्ट्र म्हणताच त्यांनी डोळे मोठे केले आणि “खाजना (म्हणजे सारा) घ्यायला आलात का?” असे विचारले, तेव्हा सगळे घर हसले आणि आम्हाला हसायला जरा वेळ लागला. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी ह्याच राढ प्रदेशात लुटालूट केली आणि 1751 च्या तहात वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरवून घेतली. ‘बारगीर’ ह्या आपल्या शब्दाचे येथे ‘बर्गी’ झाले, आणि त्यांच्या नावाने मुलांना झोपवण्याचे अंगाईगीत बंगालमध्ये आजही घरोघर म्हटले जाते. शाळेत आम्हाला हा इतिहास अटकेपार झेंड्याच्या शेजारी, अभिमानाने शिकवला होता. ओसरीवर त्यांचीच पुली खाताना तो अभिमान घशाखाली उतरेना.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा नदीकाठी गेलो. सरकारी जत्रा संपली होती, भोंगे उतरले होते, केळीचे घड विकणारे आणि लोखंडी कढया विकणारे तेवढे मागे राहिले होते. ह्या उरलेल्या जत्रेला लोक ‘भांगा मेला’ म्हणतात, म्हणजे मोडती जत्रा, आणि बाऊल ऐकायचे ते ह्याच दिवसांत. दुपारी एका आखाड्यात सात-आठ माणसांसमोर एक वृद्ध बाऊल खमक (तार छेडून वाजवायचे लहान वाद्य) वाजवत गात होता. मध्येच गाणे थांबवून त्याने आम्हाला एका ओळीचा अर्थ मोडक्या हिंदीत समजावला आणि पुन्हा पहिल्यापासून गायला. बाऊल दारोदार जी भिक्षा मागतात तिला ते ‘माधुकरी’च म्हणतात. हा शब्द आपलाही आहे असे मी सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि झोळी पुढे केली. येथे दहा-वीस रुपयांची नाणी-नोटा जवळ ठेवाव्यात. फोनवर पूर्ण गाणे चित्रित करायचे असेल तर आधी विचारावे आणि नंतर शंभर-दोनशे द्यावेत, ते योग्यच आहे.

गूळ जत्रेत घेऊ नये. रस्त्याकडेच्या पाटाळी, म्हणजे घट्ट वड्यांच्या, गुळात साखर मिसळलेली असते हे आम्ही दोन किलो घेतल्यावर कळले. खरा गूळ शिउलीकडून, म्हणजे शिंदी छेदणाऱ्या माणसाकडून, त्याच्या चुलाण्यावरूनच घ्यावा, तो महाग पडतो आणि तो पडायलाच हवा. रस प्यायचा तर सूर्य वर येण्याआधी, गाळलेला आणि झाकून ठेवलेल्या मडक्यातला असेल तरच. आठनंतर तो आंबू लागतो. नऊ वाजता मी हौसेने दोन पेले प्यालो आणि बोलपूरची दुपारची बस चुकवली.