पाच वर्षांनंतरचे काम

परवा दुपारी गॅस एजन्सीकडून एक मेकॅनिक तपासणीसाठी आला. शेगडीमागची नारिंगी नळी त्याने वाकवून पाहिली, तिच्यावर छापलेली मुदत मला वाचून दाखवली, जुनी नळी काढून नवी बसवली आणि कागदावर माझी सही घेता घेता म्हणाला, "काका, आता पाच वर्षं बघायला नको. पाच वर्षांनी मात्र आठवणीनं बदला." तो चपला घालून जिना उतरून गेला. त्याच्या बोलण्यातले 'आठवणीनं' तेवढे माझ्याकडे राहिले.

उद्याचे काम कोठेही लिहून चालते. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले तरी ते होऊन जाते. पुढच्या महिन्यातील कामाला थोडी व्यवस्था लागते. पाच वर्षांनंतरचे काम कोठे लिहावे, याचा विचार मात्र मी आजवर कधी केला नव्हता. भिंतीवरचे कॅलेंडर डिसेंबरात संपते, डायरीही तेव्हाच संपते. म्हणून मी फोन काढला.

माझ्या फोनमधील कामांचे ॲप चांगलेच समर्थ आहे. 'गॅसची नळी बदलणे' एवढे लिहीपर्यंत ते गप्प राहिले. नंतर मात्र एकामागून एक रकाने पुढे करू लागले. हे काम कोणत्या प्रकल्पात घालायचे? लेबल कोणते? याची उपकामे आहेत काय? साधारण किती वेळ लागेल? आणि प्राधान्य, एक ते चारपैकी कोणते? प्राधान्यापाशी माझी गाडी अडली. गॅसची नळी हा जिवाशी गाठ असणारा विषय आहे, म्हणजे प्राधान्य पहिले, झेंडा लाल. परंतु आज, उद्या, पुढच्या दिवाळीला आणि त्यापुढच्याही दिवाळीला या कामाचे महत्त्व शून्य आहे. पाच वर्षांपर्यंत तो लाल झेंडा माझ्या यादीत फडकत राहणार आणि तोवर मला लाल झेंड्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागणार, हे मला आधीच दिसत होते.

समर्थ ॲपविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. काम सुचते तेव्हा आपल्याला त्याच्याविषयी सर्वांत कमी माहिती असते आणि नेमके त्याच क्षणी ते आपल्याकडून सर्वांत अधिक निर्णय मागते. साधी यादी काही विचारत नाही. तिच्यात निवडानिवडीचा त्रास नंतर, यादी वाचताना होतो. त्रास दोन्हीकडे आहेच. मला स्वतःला तो नंतर झालेला बरा वाटतो, कारण मधल्या काळात निम्मी कामे आपोआप निकालात निघतात.

आमच्या लहानपणी असली कामे कालनिर्णयच्या चौकोनांत मुक्कामाला असत. १९७३ साली हे कॅलेंडर निघाले आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा त्याने कायमचा अडवला. त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल लोंबत असे. ती सोडवून शाळेत नेणे हा आमच्या घरातील पहिल्या प्रतीचा गुन्हा होता. चौकोनाचा बराचसा भाग तिथी, नक्षत्र आणि सणवार यांनी आधीच भरलेला असल्यामुळे आईला लिहायला फार थोडी जागा उरे. त्या जागेत दुधाचा खाडा, इस्त्रीला दिलेले कपडे, भिशीचा दिवस, विम्याचा हप्ता असे सारे ती बारीक अक्षरांत बसवी. ज्या दिवशी नवा सिलिंडर जोडला जाई त्या दिवशी 'गॅस लावला' असे लिहिले जाई. त्या काळी नंबर लावल्यानंतर सिलिंडर दाराशी यायला कित्येक आठवडे लागत. म्हणून आई त्या तारखेपासून बोटांवर मोजत पुढे जाई, गॅस संपण्याच्या सुमारास एक पुसट 'ग' काढी आणि त्याच्या बरीच आधी, नंबर लावण्यासाठी, दुसरा 'ग'. पाहुणे येऊन राहिले की पुढचा 'ग' खोडून अलीकडच्या चौकोनात येई.

आज मला कळते की आई जे करीत होती ते पुष्कळ नामांकित ॲपनाही धड जमत नाही. ठरलेल्या तारखेला पुन्हा येणारे काम वेगळे आणि मागच्या वेळी केल्यापासून मोजायचे काम वेगळे. विम्याचा हप्ता पहिल्या जातीचा. सिलिंडर किंवा पाण्याच्या फिल्टरची मेणबत्ती दुसऱ्या जातीची. मेणबत्ती महिनाभर उशिरा बदलली, तर पुढची पाळीही महिनाभर पुढे सरकली पाहिजे. साध्या ॲपमध्ये हा भेद बहुधा नसतो. टुडूइस्ट नावाच्या ॲपमध्ये तो आहे, पण एका उद्गारचिन्हाच्या रूपाने: इंग्रजी 'एव्हरी'नंतर उद्गारचिन्ह टाकले की काम पुरे केल्याच्या दिवसापासून मोजणी होते आणि नाही टाकले की मूळ तारखेपासून. ही सोय मला मनापासून आवडते. सामर्थ्य नको म्हणणाऱ्यांनी एकदा वर्षभर फिल्टर सांभाळून पाहावा. आणि श्राद्धाच्या तिथीसारखे, दर वर्षी इंग्रजी तारीख बदलणारे काम असेल, तर मला अजूनही भिंतीकडेच पाहावे लागते.

परंतु कॅलेंडरचा खरा गुण डिसेंबरात दिसे. नवे कॅलेंडर आणले की एका दुपारी आई जुने आणि नवे अशी दोन्ही जमिनीवर पसरून बसे. सासरच्या आणि माहेरच्या श्राद्धतिथी शोधून प्रथम त्यांवर खुणा होत, मग हप्ते, मग मुलांच्या शाळेचे काहीबाही. त्यानंतर जुन्या वर्षात राहून गेलेली कामे नव्या चौकोनांत हाताने उतरवली जात; सगळी मात्र नव्हेत. पत्र्याच्या पेटीला रंग देण्याचे काम एका वर्षी जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या पानावर पुढे ढकललेले मी पाहिले होते, आणि ते नव्या कॅलेंडरवर आले नाही.

"आई, पेटीचा रंग राहिला," मी तिच्या लक्षात आणून दिले.

"वर्षभर दिला नाही, म्हणजे नको होता," ती मान वर न करता म्हणाली, आणि पुढच्या महिन्याकडे वळली.

जुने कॅलेंडर मग सोडवले जाई आणि जूनमध्ये आमच्या वह्यांना त्याची कव्हरे लागत. पेटी कित्येक वर्षे तशीच गंजत राहिली आणि तिच्यावाचून कोणाचे अडले नाही.

माझ्या ॲपमध्ये असा डिसेंबर येत नाही. तेथे जागा संपत नाही, पान फाटत नाही, काम वहीच्या कव्हराखाली जात नाही. 'सवडीने' नावाच्या यादीत माझ्या अशा कितीतरी पत्र्याच्या पेट्या आहेत: जुन्या कॅसेटमधील गाणी उतरवून घेणे, बासरी शिकण्याची चौकशी, एका दूरच्या आत्याला सविस्तर पत्र. यांतील एकही मी पुसत नाही. पुसण्याऐवजी ते येत्या शनिवारवर ढकलतो, त्यामुळे माझा शनिवार हा आठवड्यातील सर्वांत कर्तबगार दिवस दिसतो, निदान शुक्रवारच्या रात्रीपर्यंत.

टास्कवॉरियर नावाचे एक साधन संगणकावर आज्ञा टाइप करून चालवायचे असते. त्यात प्रत्येक कामाची निकड एका सूत्राने ठरते. मुदत जवळ आली की त्या गणितात जास्तीत जास्त बारा गुण मिळतात, दुसरे एखादे काम या कामावाचून अडले असेल तर आठ, आणि काम नुसते जुने झाले म्हणूनही दोनपर्यंत गुण चढत जातात. हे शेवटचे मला फार गमतीचे वाटते. कार्यालयाच्या फायलींना हा नियम ठीक असेल. माझ्या आयुष्यात मात्र काम जितके जुने तितकी त्याची निकड कमी, असाच अनुभव आहे. आईचे गणित तर अगदी उलट्या दिशेने चाले: वर्षभर टिकलेल्या कामाचे सगळे गुण ती एका दुपारी काढून घेई. हाताने पुन्हा लिहिण्याचा कंटाळा हीच तिची चाळणी होती. न्यूयॉर्कच्या रायडर कॅरल यांनी २०१३ साली बुलेट जर्नल नावाची जी वहीची पद्धत लोकांपुढे ठेवली, तिच्यातही महिन्याच्या अखेरीस राहिलेली कामे हाताने पुढे उतरवायची असतात आणि उतरवण्याच्या लायकीचे नसेल ते सोडून द्यायचे असते. ती वाचताना मला दाराशेजारचा खिळा आठवला.

साधेपणाच्या बाजूचा सर्वांत खंबीर माणूस मला पाम या कंपनीचे संस्थापक जेफ हॉकिन्स वाटतात. पामचे खिशात मावणारे यंत्र १९९६ साली बाजारात येण्यापूर्वी त्यांनी त्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा करून घेतला होता आणि तो शर्टाच्या खिशात घालून ते हिंडत असत. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखे करायचे. एखादी सोय यंत्रात असावी की नसावी, हे त्या लाकडाने ठरवले. शेवटी यंत्रावर रोजनिशी, पत्ते, कामे आणि टिपणे अशी चारच मुख्य बटणे आली. कामाला एक ते पाच असे प्राधान्य देता येई खरे, पण ते न दिले तरी यंत्र रुसत नसे. आजच्या किती ॲपकर्त्यांनी आपले ॲप आठवडाभर लाकडाचे करून वापरले असते, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

या विषयावर माझा आणि माझ्या भाच्याचा जुना वाद आहे. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ऑर्ग मोडचा कट्टर अनुयायी आहे. ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये चालणारी ही पद्धत ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली स्वतःच्या टिपणांसाठी लिहायला घेतली. तिच्या तळाशी असते फक्त एक साधी मजकुराची फाइल, कोणत्याही संगणकावर कोणालाही उघडता येईल अशी; तिच्यावर वेळापत्रक, मुदत, पुन्हा येणारी कामे, घड्याळ असा डोलारा हवा तितका रचता येतो. "मामा, तू सामर्थ्य आणि साधेपणा यांत निवड कशाला करतोस? खाली साधं ठेव, वर हवं ते चढव," हे त्याचे ठरलेले वाक्य आहे. ते बरोबरही आहे. अडचण एवढीच की त्याने 'हवं ते' चढवून दाखवले तेव्हा त्याच्या मांडणीच्या फाइलमध्येच मला पुढच्या आठवड्याची कामे दिसली: अमुक रंग बदलणे, तमुक कळ जुळवणे. यादी सांभाळण्याची कामे यादीत शिरली होती. त्यापेक्षा जिना ट्रपानी यांनी २००६ साली प्रचारात आणलेली एका ओळीत एक काम ही मजकुराची पद्धत मला झेपेल असे वाटते. तिच्यात प्राधान्य म्हणजे ओळीच्या आरंभी कंसात एक अक्षर, आणि अकारविल्हे लावले की महत्त्वाचे आपोआप वर.

नळीच्या बाबतीत मात्र खाली साधी फाइल ठेवण्याचा भाच्याचा मुद्दा मला मान्य करावा लागला. बर्लिनमधील एका लहान चमूने २०१० साली काढलेले वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचे ॲप आमच्या ओळखीत अनेकांचे लाडके होते. इतके देखणे आणि इतके साधे की वाणसामानाची यादी करतानाही प्रसन्न वाटे. जून २०१५ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. म्हणजे त्या खरेदीच्या आठवड्यात एखाद्या गृहस्थाने पाच वर्षांनंतरचे काम तेथे लिहून ठेवले असते, तर त्याची आठवण येण्याच्या महिनाभर आधी ॲपच गेले असते. याद्या नव्या घरी हलवण्याची सोय कंपनीने दिली होती, हे खरे. पण ती सोय वापरण्याची आठवणही कोणीतरी ठेवायला हवी.

आणि मन अशा बाबतीत फार लवकर निर्धास्त होते. अपुरी कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले होते. २०११ साली मॅसिकँपो आणि बाउमायस्टर या दोघांनी आपल्या प्रयोगांवरून असे दाखवले की ते काम केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला, तरी मनातली ती टोचणी थांबते. काम प्रत्यक्ष व्हावे लागत नाही. म्हणजे असा बेत यादीत लिहिल्याबरोबर आपले डोके ते काम खाली ठेवते आणि तेथून पुढे सारी भिस्त यादीवर. एवढा विश्वास ज्याच्यावर टाकायचा, त्याचा झेंडा लाल आहे की निळा, यापेक्षा ते पाच वर्षे जागेवर राहील काय, हे विचारायला हवे.

भाच्याला मी फोनवर हे सगळे सांगितले आणि वर माझी कल्पनाही सांगितली. ॲप असे हवे की ज्यात एका महिन्याच्या चौकोनांएवढीच जागा असेल. प्राधान्य, लेबल, उपकाम काही नसेल. फिल्टरच्या मेणबत्तीपुरते ते उद्गारचिन्ह तेवढे असेल. आणि एकतीस डिसेंबरला रात्री ते सर्व कामे पुसून टाकेल, जी हवी ती आपण एकेक करून पुन्हा टाइप करायची. उतरवून घेण्याचे बटण नाही, सगळे एकदम निवडण्याची सोय नाही.

तो बराच वेळ हसला. "मामा, असलं ॲप कोण विकत घेईल?"

कोणी घेणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी तरी कोठे घेतले असते? मी आधी हे विचारले असते की जुन्या कॅसेटचे काम आपोआप पुढच्या वर्षात नेण्याची काही सोय आहे काय.