हृदयरुग्णाच्या उशाशी

हृदयविकार विभागात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच रात्रपाळीला वरिष्ठ सिस्टरांनी मला बजावले होते की अलार्म वाजला की आधी रुग्णाकडे पाहायचे आणि मग मॉनिटरकडे. पडद्यावरची रेघ सपाट झाली तर कधी कधी केवळ छातीला चिकटवलेला इलेक्ट्रोड सुटलेला असतो. उलट रेघ ठीक दिसत असते आणि रुग्ण मात्र घामाघूम होऊन अस्वस्थपणे कूस बदलत असतो. छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, विशेषतः मधुमेहींना, वृद्धांना आणि स्त्रियांना. त्यामुळे ‘जरा मळमळतंय’ हे वाक्यसुद्धा आम्ही कानाआड करत नाही. लगेच ईसीजी काढतो आणि डॉक्टरांना बोलावतो.

परिचारिकेचे काम म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे वेळेवर देणे, हा समज मला आजही खटकतो. वयस्क रुग्णाला डिगॉक्सिन हे हृदयाचे ठोके मंदावणारे औषध देण्यापूर्वी आम्ही छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजतो आणि ते साठपेक्षा कमी भरले तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना कळवतो. जांघेतील धमनीतून अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाची सुई टोचलेली जागा, पावलातील नाडी, पायाचा रंग आणि ऊब आम्ही ठरावीक अंतराने तपासतो. त्याच रुग्णाची पाठ किंवा कंबर दुखू लागली आणि रक्तदाब उतरू लागला, तर झोपून झोपून अंग आखडले असेल असे म्हणून चालत नाही, कारण पोटाच्या मागच्या भागात, बाहेरून अजिबात न दिसणारा रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो.

असा निर्णय घेण्याचा अधिकार परिचारिकांना पूर्वीपासून नव्हता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू झाले, तेव्हा लक्षात आले की हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडल्यावर डॉक्टर येईपर्यंत थांबणे रुग्णाला परवडत नाही. ती लय पूर्ववत आणणारा विजेचा झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी रोझ पिनिओ या परिचारिकेच्या साथीने परिचारिकांना ईसीजी वाचण्याचे आणि असा झटका देणारे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, स्वतः वापरण्याचे शिक्षण दिले. तोवर केवळ डॉक्टरांचे मानले गेलेले काम परिचारिकांच्या हाती आले आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर लय बिघडून होणारे मृत्यू कमी होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

तरीही मला सर्वांत मोलाचे वाटते ते घरी सोडतानाचे अर्ध्या तासाचे बोलणे, आणि गर्दीच्या दिवशी नेमके तेच आखडते घेतले जाते, याची मला मनापासून खंत आहे. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णाच्या शरीरात पाणी साचू लागले, की पायांवरची सूज दिसण्याआधीच वजन वाढू लागते. म्हणून रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, शक्यतो सारख्याच कपड्यांत वजन करायचे आणि तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर वाट न पाहता फोन करायचा, हे मी सांगते आणि त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावते. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्ध रुग्णांना परिचारिकेच्या पुढाकाराने असे शिक्षण, आहाराचा सल्ला आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा मिळाला, तेव्हा पहिल्या नव्वद दिवसांत हृदय-निकामीपणामुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

माझ्या एका वृद्ध रुग्ण बाईंना वजनकाट्यावरचे आकडे दिसत नसत. त्यांच्या नातवाने रोज शाळेत जाण्याआधी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले. पाचव्या आठवड्यात त्या मुलाचा विभागात फोन आला, “सिस्टर, आजीचं वजन शनिवारपासून अडीच किलो वाढलंय, पण ती म्हणतेय मला काही होत नाही.” त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना तपासून लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा बदलली आणि त्या वेळी त्यांना दाखल करावे लागले नाही.