लाइट नाही, उणे 30, आणि विमानाचं इंजिन गरम करायचंय

अलास्कात फेअरबँक्सच्या आसपास ज्यांच्याकडे छोटी विमानं आहेत त्यांचा हिवाळाभर एक उद्योग ठरलेला असतो, उडायच्या आधी इंजिन गरम करणं. प्लगपॉइंट असेल तर काही प्रश्न नाही, रात्री हीटर लावून ठेवायचा, सकाळी जाऊन निघायचं. पण गोठलेल्या तळ्यावर किंवा एखाद्या केबिनशेजारच्या बर्फाच्या पट्टीवर विमान रात्रभर उभं राहिलं की तिथे ना खांब ना वायर.

भारतातले मित्र विचारतात, बॅटरी चांगली असेल तर स्टार्टर मारून बघ ना, होईल सुरू. होतंही कधीकधी, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच अॅल्युमिनियमचं आणि आत फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, स्टीलचा असतो, अॅल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणजे बेअरिंगमध्ये तेलासाठी जी फट असते तीच कमी होते, आणि नेमकं तेव्हाच तेल इतकं घट्ट झालेलं असतं की पंपाला ते ओढवत नाही. सुरुवातीच्या त्या थोड्या वेळात धातूवर धातू घासतो. कॉकपिटमध्ये बसून काहीच जाणवत नाही, पुढे कधीतरी ऑइल फिल्टर कापून बघितला की चकचकीत कण दिसतात. म्हणूनच इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी बहुतेक मॉडेल्सना उणे 12 किंवा त्याखाली प्रीहीट करा, म्हणजे आधी गरम करा म्हणते, आणि दुसरी कंपनी काँटिनेंटल तर उणे 7 ला दोन तास उभं राहिलं तरी.

मग लाइट नसताना उष्णता आणायची कुठून, तर जाळाची. गॅस सिलिंडरवर फार भरवसा ठेवू नका, प्रोपेन उणे 42 ला उकळतो, म्हणजे उणे 30 ला त्याला प्रेशर फारच कमी राहतं, आणि ब्यूटेन तर शून्याच्या आसपासच मान टाकतो. इथे चालतो तो पंप मारायचा स्टोव्ह, आपल्याकडे घरोघरी असायचा तोच प्रकार, फक्त रॉकेलऐवजी व्हाइट गॅसवर, म्हणजे स्टोव्हसाठीच्या पेट्रोलसारख्या द्रव इंधनावर. तो खाली बर्फावर फळी टाकून पत्र्याच्या खोक्यात ठेवायचा, वरून पत्र्याचा पाइप काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) खालच्या तोंडात, आणि इंजिनावर जाड गोधडीसारखं कव्हर घालून हवा जायच्या फटी बुजवायच्या. आत फक्त गरम हवा गेली पाहिजे, ज्वाला खालीच राहिली पाहिजे.

आणि स्टोव्ह पेटला की तिथून हलायचं नाही. चहा करायला केबिनमध्ये जायचं नाही. आधी वाकून बघायचं कुठे पेट्रोल ठिबकतंय का, अग्निशामक हाताशी ठेवायचं, कव्हरची कड पाइपला चिकटत नाही ना हे सारखं बघत राहायचं, आणि प्राइमरला, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडायच्या पंपाला, हात लावायचा तो स्टोव्ह विझवून लांब नेल्यावरच.

जुने बुश पायलट, म्हणजे दुर्गम भागात विमानं नेणारे, तर संध्याकाळी उतरल्या उतरल्या गरम तेल डब्यात काढून घ्यायचे, रात्रभर शेगडीजवळ ठेवायचे आणि सकाळी तापवून परत ओतायचे, इंजिनाखाली फायरपॉट म्हणजे जाळाचा स्टोव्ह आणि वर कॅनव्हास. युक्ती आजही उत्तम आहे, पण नुसतं तेल गरम असून भागत नाही, कारण आकसलेली केस तशीच थंड असते. सगळं इंजिन गरम व्हायला हवं. बॅटरी मात्र रात्री नक्की काढून उबेत न्या, गारठलेल्या बॅटरीत दम राहत नाही.

हल्ली बरेच जण छोटा जनरेटर घेऊन जातात, त्यावर इंजिनाचे इलेक्ट्रिक हीटर छान चालतात. पॉवर स्टेशनचा, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या पेटीचा, हिशोब सोपा आहे, 1000 वॉट-अवरची पेटी 500 वॉटचा हीटर जेमतेम दोन तास ओढते, तीही रात्री उबेत ठेवली असेल तर.

झालं हे कसं ओळखायचं? मी सिलिंडरच्या तापमानावर जात नाही, सिलिंडर लवकर तापतात. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघतो, तेल थेंबथेंब पडलं पाहिजे. आणि इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद असल्याची खात्री करून, तरीही पंखा कधीही फिरेल असं समजून, बाजूने प्रोपेलरच्या मुळाशी हात लावतो. तिथे ऊब आली म्हणजे ती क्रँकशाफ्टमधून आलीय. याला तासभर लागतो, वारा असेल तर जास्तच. सुरू केल्यावर 30 सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर सरळ बंद.

डिसेंबरात इथे सगळ्यात छोटा दिवस चार तासांचाही नसतो, त्यामुळे स्टोव्ह अंधारातच पेटवावा लागतो. उजेड कलायला लागला आणि प्रोपेलरचं मूळ अजून गारच असेल तर त्या दिवशी निघायचं नाही, तेल काढायचं, बॅटरी उचलायची आणि केबिनमध्ये आणखी एक रात्र काढायची.